सुगंधाबाईची पाठवणी आणि आम्ही तीन ट्रस्टी

प्रोसिडिंग बुकात ‘साधकबाधक चर्चा झाली’ असं एक वाक्य असतं. जळगावच्या आमच्या ट्रस्टचा चिटणीस म्हणून मी ते वाक्य कित्येक वर्षं इमानेइतबारे लिहिलं. प्रत्यक्षात काय झालं ते बुकात कधी आलंच नाही. ते सगळं माझ्याकडे साचत गेलं, आणि आता चार मित्र बसले की एकेक बाहेर पडतं.

ही साधारण अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट. मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो. एका सकाळी जिनिंगवाल्या शेठजींनी मला रस्त्यात गाठलं. “मास्तर, तुमचं अक्षर मोत्यासारखं. आपण वेड्यांसाठी काहीतरी काढतोय. तुम्ही चिटणीस!”

अक्षराचा आणि वेडाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. शेठजी अध्यक्ष, भडगावचे आबा पाटील उपाध्यक्ष आणि मी. बाकीचे चौघे सहीपुरते. डॉक्टर मात्र खरे मनाचे डॉक्टर. दर शनिवारी धुळ्याहून एसटीने यायचे.

केंद्रात पहिल्यापासून एक बाई होती. सुगंधाबाई, धरणगावकडच्या खेड्यातली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं बिनसलं होतं. आता ती ठणठणीत बरी होती, केंद्राचा स्वयंपाक तीच बघायची. घरी दोन लहान लेकी होत्या आणि तिला घरी जायचं होतं, एवढीच तिची मागणी. ‘विषय क्रमांक सात : सुगंधाबाईची पाठवणी’ हा दर सभेच्या अजेंड्यावर असायचा. पण आमची सभा पाचव्या विषयाच्या पुढे कधी जायचीच नाही!

* * *

पहिली मोठी चर्चा झाली ती पाटीवर.

पेंटरने ‘मनोरुग्ण सेवा केंद्र’ अशी झकास पाटी रंगवून आणली. ती रस्त्याकडे तोंड करून लावायची म्हटल्यावर शेठजींना घाम फुटला. “गल्लीत लग्नाच्या मुली आहेत मास्तर. पाहुणे बघायला येतात. दारात ही पाटी?”

दोन तास साधकबाधक चर्चा झाली. शेवटी पाटी लावायची, पण आतल्या बाजूला तोंड करून, असा ठराव एकमताने पास झाला!

डॉक्टर म्हणाले, “आतल्यांना माहीत आहे ते कुठे आहेत. शोधतायत ते बाहेरचे!”

पाटी आतच राहिली. बाहेरून लोकांना एवढंच कळायचं, की इथे कसला तरी दवाखाना आहे. पहिल्या महिन्यात तीन पेशंट आले. त्यातली एक म्हैस होती.

म्हशीला काही डॉक्टरांनी तपासलं नाही. पण तिच्या मालकाशी ते अर्धा तास बोलत बसले. पुढच्या शनिवारी तो मालक एकटाच आला.

* * *

मग लेटरहेड.

आबांचं म्हणणं, ट्रस्टींची नावं वर ठळक छापा, मुंबईच्या देणगीदारांवर छाप पडते. मी तसं छापून आणलं. आबांनी एक कागद हातात घेतला आणि दचकले. “हा धरणगावला जायला नको हां! तिथं आमच्या धाकटीची बोलणी चाललीत. ते म्हणतील, व्याह्यांच्या घरात असं काही असल्याबिगर हे कशाला यात पडतील?”

झालं! दोन लेटरहेडं छापली. एकावर ट्रस्टींची नावं, पण संस्था काय करते ते नाही. दुसऱ्यावर संस्था काय करते ते, पण ट्रस्टींची नावं नाहीत. सरकारी पत्राला मी दोन्ही एकत्र टाचून पाठवायचो.

* * *

शनिवारी डॉक्टर चहा घेत बसले की आमच्यातला एकेक जण हळूच त्यांच्या खोलीत शिरायचा. शेठजींच्या एका मित्राला पहाटे तीनला जाग यायची. आबांच्या मित्राची छाती उगाच धडधडायची. माझ्याही एका मित्राला वर्गावर जाताना हातापायांना घाम सुटायचा.

एकदा भर सभेत डॉक्टर म्हणाले, “तुमच्या सगळ्यांच्या त्या मित्राला एकदा घेऊनच या हो. फार त्रासात आहे बिचारा!”

त्या दिवशी सभा पहिल्याच विषयावर तहकूब झाली. तरीही पुढच्या शनिवारी शेठजी खोलीत गेलेले मी पाहिले. चांगला पाऊण तास बसले होते.

* * *

तिकडे सुगंधाबाई दर शनिवारी सकाळी लुगडं धुऊन, वाळवून गाठोडं बांधून ठेवायची. सभा संपली की मला विचारायची, “भाऊ, मना नंबर उना का?”

मी म्हणायचो, “पुढच्या वेळी नक्की.” ती गाठोडं सोडायची आणि चुलीकडे जायची. मला त्या गाठोड्याची फार लाज वाटायची. म्हणून एकदा मी सातवा विषय सरळ पहिला लिहिला. चिटणिसाने आयुष्यात केलेली ही एकमेव क्रांती!

तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो हात जोडून उभा. “मी तं आजच लई जासू साहेब. पन मन्ही मायले कोन समजाडी? गाव म्हनस, तिना हातनं जो खाई, त्यालेबी याड लागी. तुम्ही मोठा लोके शेत. गावसमोर तिना हातनं जेवी ल्या. मंग कोनी बोलाव नही.”

शेठजी उभे राहिले. “ही तर आपल्या कार्याची कसोटी!” आबांनी टेबलावर मूठ आपटली. गावात जाऊन जेवायचं, ठराव एकमताने पास! डॉक्टर म्हणाले, “मी येत नाही. लोक म्हणतील, डॉक्टर आधी औषध घेऊनच बसलाय. तुम्ही जा, आणि पोटभर जेवा.”

रविवारी आम्ही तिघं जीपने गेलो. सुगंधाबाई आदल्या दिवशीच पोचली होती. निंबाखाली पाट मांडले होते आणि भोवती अख्खं गाव उभं होतं. दारात सासू, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या मागे दोन्ही लेकी, पण पुढे यायची त्यांना परवानगी नव्हती. सून परत घ्यायची की नाही, हे या पंगतीवर ठरणार होतं.

ताटं आली. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. शेठजी हळूच म्हणाले, “आम्हाला कांदा-लसूण, वांगं चालत नाही.”

“तुम्हनं येगळं शे, शेठ,” सुगंधाबाई म्हणाली आणि वरण-भाताचं ताट पुढे केलं.

“पाणी गाळलेलं नसेल.”

“गाळेल शे. दोन येळा.”

शेठजी भाताची मूद नुसती चाचपत बसले. आबांनी घसा खाकरला. “मास्तर, आज माझा सोमवार.”

“आबा, आज रविवार आहे.”

“असू दे. उद्याचा आजच धरला!”

आणि मी? खोटं कशाला सांगू. सायन्सचा मास्तर मी, सतराशे साठ वेळा वर्गात सांगितलं असेल, की वेड संसर्गजन्य नाही. भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि हात तिथेच थांबला. उचलेचना. गाव टकामका बघत होतं.

सुगंधाबाईने आमच्या तिघांकडे पाहिलं. आत गेली, स्वतःचं ताट वाढून घेऊन आली आणि आमच्या समोर, भर अंगणात, मांडी घालून जेवायला बसली. पाहुण्यांच्या आधी, सासूच्या देखत! बायकांत कुजबुज उठली.

सासू दारातून खाली उतरली. सुनेच्या शेजारी टेकली. ताट आपल्याकडे ओढलं, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भरीत लावून तोंडात टाकला. सावकाश चावला. मग आमच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

“दोन वरीस या लोकेसमा ऱ्हायनी, तरीबी शानी ऱ्हायनी! जेव व माय, पोटभर जेव.”