कूलरमधली ऊब

नागपुरात थंडी पडते हे नागपूरचा माणूस मरेस्तोवर कबूल करत नाही. उन्हाळ्याबद्दल तो छाती फुगवून बोलेल. पारा सत्तेचाळीसला गेला हे असं सांगेल, जणू त्यानंच गच्चीवर चढून तो तिथवर ढकलत नेला. पण डिसेंबरात सकाळी दात वाजायला लागले की म्हणेल, चार दिवसांची पाहुणी आहे, जाईल. आमचे हे त्याच जातीचे. म्हणून शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या आमच्या घरात कूलर तीन आणि हीटर एकही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाईंना भिवापूरहून आणलं. रामदासपेठेत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर त्यांना मागची खोली दिली. ती उत्तरेकडची. ऊन तिकडे फिरकत नाही. मे महिन्यात त्या खोलीसाठी आमच्याकडे भांडणं होतात, हिवाळ्यात ती पाहुण्यांना देतात.

पहिल्याच आठवड्यात त्या ह्यांना म्हणाल्या, "बाबू, एखादी शेगडी ठेवशीन का गा माह्या खोलीत? पाय गार पडते."

ह्यांनी नव्या टाइल्सकडे पाहिलं. "आई, धुरानं भिंती काळ्या होतील."

मग हीटर आणा, मी म्हटलं. तर चार दिवसांच्या थंडीसाठी हीटर कोण घेतं, असं मलाच विचारलं आणि आईला सांगितलं, अजून एक स्वेटर घाल. त्यांच्या अंगावर आधीचेच दोन होते. मी पुन्हा बोलले. माझं बोलणं ह्या घरात कुकरच्या शिटीसारखं आहे. सगळ्यांना ऐकू येतं आणि उठत कोणी नाही.

त्यांना परत धाडायचं तर ठरलेलंच होतं. संक्रांत झाली की भिवापूर. तिथं घर आहे, दार आहे, दाराला कुलूप आहे, फक्त माणूस नाही. आजूबाजूची दोन्ही घरं मुलांकडे पुण्याला गेली. "दिवसभर बोलाले कोणी नाही वं तिथं," मेथी निवडता निवडता त्या मला एकदा म्हणाल्या. "भितीसंग किती बोलाव माणसानं?" त्यांना जायचं नव्हतं. हे मला कळत होतं, ह्यांनाही कळत होतं, पण ह्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. "गावची मोकळी हवा मानवते तिला," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते. मोकळी हवा माणसाला बोलायला येत नाही, हे ह्यांना कोण सांगणार?

आणि अशा ऐन थंडीत ह्यांनी कोंबडीची पिल्लं आणली.

रिटायर झाल्यापासून हे मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ पाहून राहिले होते. पाहता पाहता स्वतःला त्यातलं सगळं येतं असं वाटायला लागलं. मागच्या अंगणात, जिथं माझी तुळस आणि कपड्यांची दोरी कशीबशी मावते, तिथं गावरानी अंडी निघणार होती. पिल्लं आली ती एका दिवसाची, खोक्यात चिवचिवणारी. पिल्लांना माय नाही, तर ऊब आपण द्यायची, असं ह्यांनी मला समजावलं. आमची दोन पोरं लहान होती तेव्हा हे कायम दौऱ्यावर. ऊब म्हणजे काय असतं हे मला त्या दिवशी नव्यानं शिकायला मिळालं.

गच्चीवरचा कूलर खाली आला. त्याचा पंखा काढला, वाळ्याच्या ताट्या काढून जाळी ठोकली, आत धानाचा कोंडा पसरला आणि वरून बल्बाचा होल्डर सोडला. गार हवेसाठी केलेल्या पत्र्याच्या पेटीत ऊब तयार करायची, ही अक्कल नागपूरच्याच माणसाला सुचू जाणे. शंभरचा पिवळा बल्ब आता मिळत नाही, जिकडेतिकडे एलईडी. तर ह्यांनी सीताबर्डी पालथी घातली आणि शेवटी इतवारीतल्या कुठल्याशा गल्लीतून तो हुडकून आणला. आईच्या डोळ्यात टाकायचे ड्रॉप्स कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ते आणायला मी तीनदा सांगितलं, मग स्वतःच जाऊन आणले.

कूलर मांडला हॉलमध्ये, आणि मग सुरू झालं प्रवचन. जो येईल त्याला हे कूलरपाशी नेत. "थर्मामीटर वगैरे काही नाही. पिल्लाकडे पाहायचं. बल्बाखाली गोळा झाली की समजा थंडी वाजते, बल्ब खाली घ्या. लांब जाऊन चोच वासली की समजा उकडतं, बल्ब वर घ्या. मुकं लेकरू आहे, ते काय बोलणार? आपण ओळखायचं." दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सोडलं नाही. त्या बिचाऱ्या वाण हातात धरून उभ्या. सासूबाई दिवाणावर स्वेटरवर शाल घेऊन हे रोज ऐकत असत. त्या काही मुक्या नव्हत्या. त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं.

पिल्लं येऊन चार दिवस झाले असतील, सासूबाईंनी आपली खुर्ची कूलरजवळ ओढली. मग दुपारची चटईही तिथंच आली, पाठ पत्र्याला लावून. हे हरखले. "पाहिलं? आईला किती लळा लागला पिल्लांचा."

"लळाच तो," मी म्हटलं, "शंभर वॅटचा."

हे हसले. विनोद समजून हसले, काय करावं ह्या माणसाचं?

एका संध्याकाळी लाइट गेली. ह्यांची अशी काही धांदल उडाली की विचारू नका. गरम पाण्याच्या बाटल्या भर, पोतं आण, खिडक्या लाव. पोतं सापडेना, तर हे तरातरा मागच्या खोलीत गेले आणि आईच्या पलंगावरची दुलई उचलून कूलरवर टाकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे वं. त्याइले कोठं माय आहे."

आवाज एकदम साधा. ह्यांना त्यात काही ऐकू आलं नाही, मला आलं. लाइट येईस्तोवर मी माझी शाल त्यांच्या पायांवर टाकून बसले, आणि पुढे दोन दिवस नवऱ्याशी कामापुरतं बोलले. घर कसं शांत वाटतंय, असं हे म्हणाले.

संक्रांत झाली, हळदीकुंकूही आटोपलं. पिल्लांना पिसं फुटली, अंगणात जाळीचं खुराडं तयार झालं. सोमवारी भिवापूरची बस आणि रविवारी पिल्लांना बाहेर न्यायचं, असं ह्यांनी एका दमात जाहीर केलं. रविवारी सकाळी शेजारचं जोडपंही पाहायला आलं, म्हणजे चहा माझ्याकडे लागला. सासूबाई उन्हात खुर्चीवर बसल्या. त्यांची भरलेली बॅग मागच्या दाराशी होती.

ह्यांनी कूलर ओढत अंगणात आणला, एका बाजूची जाळी काढली आणि ती बाजू खुराड्याच्या दाराला लावली. एक पिल्लू बाहेर येईल तर शपथ. काठाशी यायचं, डोकावायचं, पुन्हा आत पळायचं. शेजारी कंटाळले. "काढा ना धरून एकेकाला."

हे गंभीर झाले. "छे. जबरदस्तीनं काढलं तर खचतात. खाणं सोडतात. ज्याला जायचं त्यानं आपल्या मर्जीनं जावं, तोवर त्याचं घर हेच. घाई आपल्याला असते, त्यांना नसते."

सासूबाईंनी शालीचं टोक नीट केलं. "बरं बोलला गा बाबू. मंग मी बी उद्या नाही जात."

"म्हणजे?"

"माही मर्जी झाली का सांगीन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पिल्लांकडे पाहिलं. शेजारीण कपात पाहत होती. "आई, ते कोंबड्यांचं आहे," हे म्हणाले आणि आपलंच वाक्य आपल्या कानावर पडल्यासारखे हातातली जाळी उलटसुलट करू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच.

"आन तो बलब आता रिकामाच पडला," सासूबाई उठता उठता म्हणाल्या. "माह्या खोलीत लाव."

संध्याकाळी हे मागच्या खोलीत स्टुलावर चढून होल्डर बांधत होते. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि सांगून राहिल्या होत्या, थोडा खाली घे, अजून थोडा, बस. बल्ब लागला. हे उतरले आणि हात लटकवून तिथंच उभे राहिले. बॅग मी केव्हाच उघडून लुगडी कपाटात लावली होती.

"आता ध्यान ठेवजो," त्या म्हणाल्या. "म्हातारी बलबाखाली सरकली, का समजजो तिले थंडी वाजून राहिली."