आत आणि बाहेर

माझ्या मामांइतकं भारदस्त मराठी बोलणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात नव्हता, आणि त्यांच्याइतका कुणालाच न कळणारा माणूसही नव्हता. श्रीगोंद्याजवळच्या एका खेड्यात ते चर्चचे पाळक होते. मामीकडे चहा मागायचा तर म्हणत, "किंचित चहाचं प्रयोजन आहे." बाजारात वांगी घेताना "ही सकीटक तर नव्हेत ना?" असं विचारत, आणि वांगीवाली घाबरून दोन वांगी जास्तच टाकायची. रविवारी त्यांचा उपदेश तासभर चाले. समर्थन, पवित्रीकरण, अनुग्रह असे शब्द पत्र्याच्या छपराखाली घुमत राहत आणि मंडळी माना डोलवत. बाहेर पडताना एखादा म्हातारा कौतुकानं म्हणे, "साहेब लई खोल बोलत्यात. येक अक्षर कळलं न्हाई." नगरच्या कॉलेजातून सुट्टीला आलो की मी त्यांची वाक्यं वहीत उतरवून घेत असे. मला त्यांचा फार अभिमान होता.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी जाहीर केलं, "येत्या शुक्रवारी पर्जन्यार्थ सामुदायिक उपोषण." त्यांना म्हणायचं होतं, उपास करून प्रार्थना. शुक्रवारी मामा रिकाम्या चर्चमध्ये दुपारपर्यंत एकटेच गुडघे टेकून बसले, आणि सगळी मंडळी श्रीगोंद्याला चालत जाऊन तहसील कचेरीपुढे बसली. तहसीलदार हात जोडून बाहेर आले. "मागणी काय तुमची?" त्यांनी विचारलं. मंडळीतला सर्वांत वयस्कर माणूस उठून म्हणाला, "ती आमच्या साहेबांस्नीच ठाऊक." मामी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. मामा मात्र एवढंच म्हणाले, "श्रोत्यांचं शब्दज्ञान तोकडं."

त्याच उन्हाळ्यात मार्थाबाईची तीन महिन्यांची मुलगी गेली. मार्थाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोर तिथंच लुगड्याच्या झोळीत असायचं. दोन दिवस जुलाब झाले आणि संपलं. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता, आणि तो न झालेलं मूल स्वर्गाबाहेरच राहतं, अशी गावात समजूत होती. माती देऊन झाल्यावर ती मामांपुढे उभी राहिली. मी शेजारीच होतो.

"साहेब, माजी पोर कुटं हाय आता?"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण शब्द निघाले ते नेहमीचेच. "बाई, अशी निष्पाप अर्भकं ईश्वरी अनुग्रहाच्या कक्षेबाहेर गणण्यास कोणताही आधार आढळत नाही."

तिनं मान हलवली आणि ती गेली. मी ते वाक्यही वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर ती चर्चमध्ये दिसेना. मामांना वाटलं, कामानं थकत असेल. चार महिन्यांनी पाण्याच्या टँकरपाशी मामीनं तिला गाठलं, तेव्हा ती म्हणाली, "येऊन काय करू, बाई? साहेबच म्हनले, पोर भायेर हाय. मंग मी आत बसून काय करू?"

मामीनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीला आलो होतो. मामा जेवत होते. त्यांनी हात धुतला, काळा कोट चढवला आणि भर उन्हात रस्त्याच्या कामावर निघाले. मी मागोमाग गेलो. खडीच्या ढिगावर ते तिच्यासमोर बसले. "बाई, माझ्या त्या विधानाचं तात्पर्य…" म्हणाले आणि थांबले. मग मी कधीही न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "तुझी पोर देवापाशी हाय. आत हाय. माझं बोलनं चुकलं."

तिनं हातोडा खाली ठेवला. "मंग तवाच असं का न्हाई सांगितलं? चार महिनं मी…" मामांनी मान खाली घातली. मुकादम ओरडला, तशी तिनं पुन्हा हातोडा उचलला.

पुढच्या रविवारी उपदेश दहा मिनिटांत संपला. मंडळी नाराज झाली. "साहेबांची तब्येत बरी न्हाई. आपल्यावानीच बोलाया लागले," असं लोक म्हणू लागले. बदली होईपर्यंत मामा तसेच बोलत राहिले, अडखळत, एकेक शब्द चाचपून. मार्थाबाई काही आठवड्यांनी आली आणि दारापाशी बसली. प्रत्येक वाक्यानंतर मामा तिच्याकडे बघत. तिची मान हलली नाही, तर तेच वाक्य आणखी सोपं करून पुन्हा सांगत. कधी कधी तीन-तीनदा सांगत. आणि तरीही ती नुसतीच बघत राहिली, तर ते बायबल मिटत आणि उपदेश तिथंच संपवत.