फ्रान्सची म्हातारी

सुबोध परब मुलुंडच्या एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. गिऱ्हाइकं पुढे आरशात तोंड बघत बसतात आणि हा मागच्या चिंचोळ्या खोलीत, मशिनपाशी. दिवसभर कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, आणि तसा तो बोलणाऱ्यातला नाहीच. पस्तिशीला आलाय, लग्न केलेलं नाही. घर घाटकोपरला, पंतनगरात. एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील चंद्रप्रकाश परळच्या गिरणीत होते. गिरणी गेल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई सुलक्षणा मालवणकडची. चाळीसेक वर्षं मुंबईत काढली तरी घरात मालवणीच बोलते. धाकटी बहीण ऋतिका लग्न करून अंधेरीला गेली.

कॉलेजात असताना खंडू नावाच्या मित्रानं सुबोधला एक पेन ड्राइव्ह दिला होता. "ऐक. नाही ऐकवलं तर परत दे," एवढंच म्हणाला. त्यात फ्रान्समधल्या ब्लॅक मेटलवाल्यांचं, म्हणजे रॉकमधल्या एका कर्कश, काळोख्या प्रकारातलं संगीत होतं. मोठमोठ्या स्टेजवर दिसणारे लोक नव्हेत हे. कुणी तळघरात, कुणी ओसाड गोठ्यात एकट्यानं रेकॉर्ड करायचं, थोड्याशा कॅसेट काढायच्या आणि ओळखीपाळखीत वाटायच्या. कव्हरवर ना नाव, ना फोटो. गिटार इतकी दाट की त्यातला सूर सापडेपर्यंत कान थकतात. ड्रम न थांबता धावत असतात, आणि या सगळ्याच्या मागून, फार लांबून, कुणीतरी गळा फाडून ओरडत असतं. खंडूला त्यातला जोर आवडायचा. सुबोधला आवडलं ते वेगळंच. एवढा आकांत चाललाय आणि करणारा माणूस मात्र कुठेच दिसत नाही, हे त्याला भारी वाटलं. पेन ड्राइव्ह त्यानं परत केलाच नाही.

पुढे नोकरी लागल्यावर त्यानं गिटार घेतली, कॉम्प्युटरवर ड्रम लावायला शिकला आणि स्वतः करू लागला. पण वसाहतीत ओरडणार कुठे? भिंतीला भिंत. मग दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी मालकाकडून किल्ली मागून घ्यायची, माल लावून ठेवतो म्हणायचं, आणि मागच्या खोलीत शटर ओढून, तोंडासमोर उशी धरून ओरडायचं. घरी सांगायचं, ओव्हरटाइम आहे.

पहिला अल्बम त्यानं स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, घाटकोपर, मुंबई. चार-दोन लोकांनी ऐकला. एकानं विचारलं, कॉल सेंटरला आज सुट्टी वाटतं? दुसऱ्यानं लिहिलं, यात करीचा वास येतोय. लाज वाटायची तर त्या लोकांना वाटायला हवी होती. वाटली ती सुबोधला. त्यानं अल्बम त्याच दिवशी उतरवला.

वर्षभरानं तेच संगीत थोडं बदलून परत टाकलं, पण या वेळी नाव फ्रेंच. 'नोत्र सांद्र', म्हणजे 'आपली राख'. गावही फ्रान्सचं, मधल्या डोंगराळ भागातलं, नकाशात हुडकून काढलेलं. कव्हरला फोटो लावला देवनारचा. कचऱ्याच्या डोंगराला हिवाळ्यात आग लागते तेव्हा सकाळी सगळा भाग धुरात बुडतो. तसा एक फोटो त्यानं पुलावरून काढला होता, तो काळा-पांढरा केला. लोक लिहू लागले, काय धुकं आहे तुमच्याकडच्या डोंगरांवर. सुबोधनं कुणाचा समज दूर केला नाही. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा लिहून टाकलं, हो, थंडीत असंच असतं इथे.

मग वडील गेले. आजार वगैरे काही नाही, सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं. दुपारपर्यंत नातेवाईक जमले. न्यायची वेळ झाली तशी आईनं हेल काढला. कोकणात बायका गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडतात, तसं. "आता माका कोण हाक मारतलो ओ... गावाक जावचा रवला ओ..." आधी मोठ्यानं, मग आवाज बसत बसत गेला, आणि शेवटी नुसता श्वास राहिला.

सुबोध तिच्या शेजारी उभा होता. त्यालाही रडू फुटत होतं. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, असला आवाज कुणाकडेच नाही. हात खिशात गेला. त्यानं फोन अर्धवट बाहेर काढला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि आपल्या श्वासाचा, हुंदक्याचा आवाज त्यात येऊ नये म्हणून ताठ उभा राहिला. नंतर त्यानं स्वतःला सांगितलं, आठवण म्हणून ठेवलंय. बरेच महिने त्यानं त्याला हात लावला नाही, हेही खरं. पण तिसरा अल्बम करायला घेतला तेव्हा शेवटच्या गाण्याला काहीतरी कमी पडत होतं, आणि काय कमी पडतंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं आईचा आवाज गिटारखाली घातला आणि लिहिलं, गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचा विलाप.

तो अल्बम बघता बघता पसरला. फ्रान्समधली सोलांज नावाची एक बाई इंटरनेटवर एक पान चालवायची. फारसं कुणाला माहीत नसलेलं, पण शोधून ऐकावं असं आपल्या देशातलं ब्लॅक मेटल ती तिथे सांगायची. तिनं त्यात 'नोत्र सांद्र'ला जागा दिली. सुबोधनं दुकानात, मशिनपाशी बसून ते भाषांतर करून वाचलं. कान गरम झाले. कॉलेजात ज्यांना देव मानलं त्यांच्या रांगेत त्याचं नाव होतं. त्या आनंदात त्यानं खंडूला सांगून टाकलं की हा मीच.

पण नंतर सोलांजचा निरोप आला. ती त्याच डोंगरांतली निघाली. तिनं लिहिलं होतं, माझी आजी नव्वदीची आहे, आमची जुनी बोली बोलणाऱ्या शेवटच्या काही माणसांतली. तुझ्या गाण्यातली म्हातारी कुठली बोली बोलतेय ते कळावं म्हणून मी आजीला तिचा आवाज ऐकवला. आजीला शब्द एकही लागला नाही. पण ती रडायला लागली आणि म्हणाली, बिचारीचा नवरा गेलाय. ती बाई कोण आहे? हयात आहे का? तिला भेटता येईल का?

सुबोधनं फोन उलटा ठेवला. एका म्हातारीला त्यानं फसवलं होतं, आणि नेमकं तिलाच खरं कळलं होतं. त्या दिवशी त्याच्या हातून दोन काचा चुकीच्या मापाच्या घासल्या गेल्या. उत्तर त्यानं दिलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. तिचा पुन्हा निरोप आला, तोही तसाच ठेवला.

खंडूला राहवलं नाही. त्यानं ऋतिकाला लिंक पाठवली आणि लिहिलं, तुझा भाऊ फ्रान्समध्ये फेमस आहे, ऐक तरी. असलं काही तिनं एरवी दोन मिनिटंही ऐकलं नसतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं सहज शेवटचं गाणं लावलं. आणि संध्याकाळी अंधेरीहून थेट घाटकोपरला आली.

आई खाली भाजी आणायला गेली होती. सुबोध नुकताच येऊन चहा ठेवत होता. ऋतिकानं चप्पलही काढली नाही.

"दादा, ती फ्रान्सची म्हातारी कोण आहे रे?"

त्यानं गॅस बंद केला.

"मी डबा तसाच बंद केला. बाजूची मुलगी विचारतेय काय झालं, मी काय सांगू तिला? माझा बाप परत मेला, सांगू?"

"ऋतू, ऐक ना. नाव कुठेच नाहीये. कुणाला कळणार नाही कोण आहे."

"मला कळलं ना," ती म्हणाली. "कळणार नाही म्हणून चालतं काय? उद्या मी मेले की माझ्या पोरांचं रडणं पण घेशील."

त्याला म्हणायचं होतं की ते गाणं चांगलं झालंय, बाबांसाठीच केलंय. शब्द ओठांवर आले आणि ते खोटे आहेत हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"आईला तू सांगायचं," ऋतिका म्हणाली. "आज. मी इथेच बसते."

आई पिशवी घेऊन आली, ऋतिकाला बघून खूश झाली, थांब तुला काहीतरी करते म्हणाली. मग दोघांची तोंडं बघून बसली. सुबोधनं सांगायला सुरुवात केली, पण त्याला ते धड सांगता येईना. शेवटी त्यानं इअरफोन तिच्या कानाला लावले.

आधी ती नुसती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. तो गोंधळ सुरू असताना एकदा म्हणालीही, "ह्या काय रे?" मग तिचा चेहरा स्थिर झाला. हात मांडीवर तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. संपल्यावर तिनं स्वतःच इअरफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"ह्यो माझो आवाज."

"हो."

"तेवाच घेतलंस? बाबा थय होते, तेवाच?"

"हो."

"मगे तू रडाक नाय, ता ह्याच्यासाठी?"

सुबोधनं मान खाली घातली.

"मी सगळ्यांका सांगलंय," आई म्हणाली. "गावाक, हयसर, सगळ्यांका. माझ्या झिलान डोळ्यांत पाणी काढूक नाय. माझ्यासाठी सवताक सावरल्यान."

ऋतिका उठून गॅलरीत गेली. सुबोधला वाटलं, आईनं ओरडावं, एखादी थोबाडीत द्यावी. ती तसं काहीच करत नव्हती. जणू हिशेब लागत नाही अशी ती बसून होती. मग तिनं विचारलं, "आणि मी खयची म्हणान सांगलंस?"

"फ्रान्सची."

"आपलो गाव सांगूक लाज वाटली तुका?"

त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते 'हो' असं होतं. गावाचीच कशाला, या खोलीची, दुकानाची, स्वतःच्या नावाची, सगळ्याचीच. इतकी वर्षं त्याला वाटत होतं आपण लाज लपवतोय. आईच्या समोर बसून त्याला पहिल्यांदा कळलं की लाज वाटावी असं त्या सगळ्यात काहीच नव्हतं; तसं जे होतं ते त्यानं आपल्या हातानं केलं होतं.

"ता माझा रडणा काढून टाक थयसून," आई म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

त्यानं अल्बम तिथल्या तिथे उतरवला. पण असं संगीत एकदा बाहेर पडलं की परत बोलावता येत नाही. कुणी कुणी त्याच्या कॅसेट करून घेतल्या होत्या, कुणी पुढे पाठवलं होतं. हेही त्यानं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रवतलाच ता."

मग त्यानं सोलांजला लिहिलं. स्वतःचं नाव, घाटकोपर, देवनारचा धूर, आणि ती म्हातारी माझी आई आहे, तिला न विचारता घेतलं. शब्द जुळवायचा प्रयत्न केला नाही. तिचं उत्तर यायला वेळ लागला. तिनं लिहिलं, मी ते पान तयार केलं ते इथल्या लोकांसाठी. तुला त्यातून काढलंय. आजीला काही सांगणार नाही. रागाचं कारण तू फ्रेंच नाहीस हे नाही, हे तुला कळत असेल अशी आशा आहे. शेवटी एक ओळ होती: तुझी आई काय म्हणत होती, ते सांगशील का?

पानावरून नाव का गेलं ते लोकांनी विचारून काढलं, आणि बाहेर बोभाटा झालाच. त्या वर्तुळातल्या लोकांनी त्याला भामटा ठरवलं, धुराच्या फोटोवर विनोद केले, पुन्हा करीपर्यंत गेले. खंडूनं फोन करून सांगितलं, "वाट लागली रे, सगळीकडे तुझंच चाललंय." सुबोधला त्याचं आश्चर्य वाटलं नाही आणि फारसं लागलंही नाही. पूर्वी असल्याच दोन ओळींनी तो दिवसभर जळला होता.

सोलांजचा प्रश्न त्यानं आईला विचारला, धीर गोळा करून. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नाय सांगूचा," ती म्हणाली. "ता तेंका सांगलेला. दुसऱ्या कोणाक नाय."

त्यानं तसंच कळवलं. त्यानंतर सोलांजचा निरोप आला नाही.

आता घर पूर्वीसारखंच चाललंय. आई डबा भरून देते, उशीर झाला तर फोन करते. सुट्टीच्या दिवशी सुबोध मालकाकडे किल्ली मागत नाही. गिटार पलंगाखाली आहे. खंडूनं एकदा विचारलं, परत कधी करणार? सुबोध म्हणाला, माहीत नाही. करावंसं वाटतं, हे त्यानं सांगितलं नाही, कारण तेवढं कबूल करायचीही त्याला चोरी वाटते.

गेल्या रविवारी गावाहून मावशीचा फोन आला. ती कानानं कमी ऐकते, म्हणून मोठ्यानं बोलते. आईच्या हातातल्या फोनमधून सगळं खोलीभर ऐकू येत होतं. तिच्या शेजारची बाई नुकतीच विधवा झाली होती, आणि मुलगा काही कामाचा नव्हता. तुझा सुबोध बघ, मावशी म्हणत होती, किती खंबीर उभा राहिला, तुझ्या बाजूची जागा सोडली नाही त्यानं, आम्ही अजून नाव काढतो त्याचं.

सुबोध समोर जेवत होता. घास हातातच राहिला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग नजर खिडकीकडे वळवली.

"होय गे," ती फोनमध्ये म्हणाली. "बरो असा तो. आता जेवता हा."