चारुलताबाई विचारायला जातात

चारुलता हर्डीकरांनी नवऱ्याचा मोबाईल दुसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावला, ही बातमी त्या रविवारी आमच्या सरकारी कॉलनीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. समोरच्या ब्लॉकमधल्या चेतनावहिनींनी तो पडताना पाहिला होता, आणि दुपारपर्यंत त्यांना त्याचा रंगही आठवला.

खरं सांगायचं तर खाली पडलं ते लाटणं. तेही फेकलेलं नव्हतं. क्वार्टरमध्ये नेटवर्क फक्त बाल्कनीत येतं, म्हणून पोळ्या लाटता लाटता वाजलेला फोन घेऊन बाई बाहेर धावल्या. पलीकडून एका गोड आवाजाने लोन हवंय का विचारलं. बाईंनी कठड्यावर लाटणं आपटलं आणि ते निसटून तळमजल्याच्या कोथिंबिरीत जाऊन रुतलं. फोन बाईंचा स्वतःचा होता, आणि तो त्यानंतर तांदळाच्या डब्यात गेला, मलिहाबादहून आलेल्या दशहरी आंब्यांच्या शेजारी. आंबे पिकावेत म्हणून, फोन डोळ्यांसमोरून जावा म्हणून. सतरा दिवस तो वाजत नव्हता. म्हणजे तसा वाजत होता: लोनवाले, गॅसवाले, सांगलीची नणंद. ज्यांचा यायला हवा, त्यांचा तेवढा येत नव्हता.

ते म्हणजे छावणीपलीकडचं एक खाजगी नर्सिंग कॉलेज. तिथल्या मुलींच्या हॉस्टेलला मेस इन्चार्ज हवी होती. आता एकशेचाळीस मुलींच्या डाळ-भाताची राखण ही काही कुणी पेढे वाटावेत अशी नोकरी नव्हे. पण चारुलताबाईंचा हिशोब वेगळा होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात नरहररावांच्या सहा बदल्या. जबलपूरला बाईंनी बालवाडी काढली, मुलं बडबडगीतं म्हणायला लागली आणि ऑर्डर आली. झाशीला डबे सुरू केले, बावीस डबे झाले आणि ऑर्डर आली. नागपूरला तर वाचनालयाची कपाटं रंगवून झाली होती, रंग वाळायच्या आत ट्रक दारात. आता साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, लखनौ हीच शेवटची जागा, निवृत्तीनंतर इथेच फ्लॅट. म्हणजे पहिल्यांदा असं काही हाती येणार होतं जे कुणाच्या ऑर्डरने सुटणार नव्हतं. बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. ही संधी गेली तर पुढची कुठली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

इंटरव्ह्यू गुरुवारी झाला. वॉर्डन निगम मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घर पे हस्बैंड का खाना कौन देखेगा?" बाई हसल्या. त्या हसण्याचा त्यांना नंतर सतरा दिवस राग येत होता. मग मॅडमनी एक कोरा कागद पुढे केला. एकशेचाळीस मुलींचा आठवड्याचा मेन्यू, प्रमाणासकट. मराठी मंडळाच्या गणपतीत नऊ वर्षं दोनशे पानं उठवलेल्या बाईला कागद कशाला लागतो? तरी त्यांनी बसल्या बैठकीला लिहून दिला. मंगळवारी कांदा-लसूण नाही, अर्ध्या मुलींचा बजरंगबलीचा वार. शनिवारी खिचडी, कारण इथे शनिवारी खिचडीच लागते. आणि बुधवारच्या नाश्त्याला, जरा हट्टाने, कांदेपोहे, वरून ओलं खोबरं. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "बहुत बढ़िया. दो-तीन दिन में बताते हैं."

दोन-तीन दिवस गेले. पाचव्या दिवशी लेकीने, सृष्टीने, विषय काढला. ती बी.कॉम.ला आहे, मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते.

"मम्मी, फॉलोअप डाल दो ना. सब करते हैं. मैं लिख देती हूँ."

"काय लिहिणार?"

"यही, कि इंटरव्ह्यू हुआ था, आगे का क्या है."

पेपरमागून नरहरराव म्हणाले, "अजिबात नाही."

नरहररावांच्या 'अजिबात नाही'ला कॉलनीत वजन आहे, कारण कुणाला कुठला क्वार्टर मिळतो ते त्यांच्या टेबलावरून ठरतं. त्यामुळे आम्ही सगळेच त्यांना नमस्कार जरा जास्त वाकून करतो, हे कबूल केलेलं बरं. एकतीस वर्षांच्या नोकरीचं त्यांचं सार एका वाक्यात मावतं, आणि ते वाक्य त्यांनी तेव्हाही ऐकवलं. "जो विचारायला येतो त्याची गरज दिसते. गरज दिसली की फाईल खाली जाते. आंबा रोज दाबून बघितला तर पिकत नाही, डागाळतो."

"पापा, ये कॉलेज है, आपका ऑफिस नहीं."

"टेबल सगळीकडे सारखंच असतं."

 हे वाक्य बाईंनी जेवताना शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यावर हसल्याही होत्या. फलाणा कसा रोज येऊन उभा राहायचा, साहेबांनी त्याला कसा आठ महिने लटकवला, मग तो कसा सुतासारखा सरळ झाला. आमटी वाढता वाढता हसल्या होत्या.

सहाव्या दिवशी मात्र नरहरराव अंघोळीला गेलेले बघून त्यांनी बाल्कनीत जाऊन नंबर लावला. एक रिंग गेली. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली आणि बाईंनी फोन कापला. स्वतःच्या घरात, स्वतःचा फोन, स्वतःच्या नोकरीसाठी. नवऱ्याला टॉवेल देताना त्यांना नवऱ्यापेक्षा स्वतःचा राग आला. त्यानंतर त्या घरातली भांडी जशी घासली जाऊ लागली, तसं खालच्या मजल्याला वाटलं वर कुणी ताशा शिकतंय.

सातवा, आठवा, दहावा. सृष्टी म्हणायची, "अब तो पूछ लो." नरहरराव म्हणायचे, "अब तो अजिबात नको, आता तर निकाल लागायलाच आला असेल." मधल्या मध्ये बाईंच्या मनात दोन्ही बाजूंचं भांडण चालायचं. विचारलं तर वाटेल बाई अगदी अडलीय. नाही विचारलं तर वाटेल बाईला पर्वा नाही. भाजी चिरताना एक पटायचं, भाजी फोडणीला पडेपर्यंत दुसरं. आणि त्या निगम मॅडमचं काय जात होतं? हो नाहीतर नाही, दोन अक्षरांचा तर निरोप.

तर सतराव्या दिवशी लाटणं पडलं, फोन तांदळात गेला, आणि त्याच रविवारी अकरा वाजता दारावर शिवबरन आला.

शिवबरन डाक विभागात शिपाई. चार नंबर ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या आईला शहात्तर वर्षं, गुडघे गेलेले. तळमजल्याचं घर बदलून मिळावं म्हणून त्याने अर्ज केला होता. हातात टोपी नव्हती, तरी टोपी धरल्यासारखे हात करून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"साहब, वो दरख्वास्त का कुछ..."

"प्रोसेस में है," नरहरराव पेपरातून म्हणाले.

"जी. कोई कागज कम हो तो..."

"बताया ना. प्रोसेस में है. होगा तो खबर कर देंगे."

स्वयंपाकघरात चारुलताबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. 'खबर कर देंगे.' 'दो-तीन दिन में बताते हैं.' आवाज दोन, पण बोलणारं माणूस एकच वाटलं त्यांना. हे इतकी वर्षं आपल्याच बैठकीतून ऐकू येत होतं, आणि आपण पलीकडे आमटीत गूळ घालत होतो.

त्या बाहेर आल्या. "शिवबरन, बैठिए. चाय पीके जाइए."

नरहररावांनी पेपर खाली केला. दारावर आलेल्याला चहा, हा त्यांच्या नियमात नव्हता. शिवबरन खुर्चीच्या टोकावर असा बसला की कुणी म्हटलं तर लगेच उठता यावं.

"कब दी थी अर्जी?"

"चौदह महीना हुआ, भाभीजी. अम्मा को अस्पताल ले जाना हो तो कुर्सी पे बिठा के दो आदमी उतारते हैं. पिछली बार दूसरे मंजिल पे कुर्सी का पाया निकल गया." तो हसला, जणू चूक खुर्चीची होती. मग साहेबांकडे न बघता हळूच म्हणाला, "पूछने आएँ तो साहब नाराज होते हैं. न आएँ तो भूल जाते हैं. आप ही बताइए भाभीजी, आदमी कब आए?"

 चारुलताबाईंनी त्याला दुसरा कप दिला.

तो गेल्यावर नरहरराव म्हणाले, "बघितलंस? आलाच. आता दोन महिने बघतच नाही त्याच्याकडे. शिस्त लागते."

"तळमजल्याची घरं रिकामी आहेत ना? दोन?"

"आहेत. प्रश्न तो नाही."

"मग काय आहे?"

"तुला नाही कळायचं," नरहरराव म्हणाले, आणि तांदळाच्या डब्यातून एक आंबा काढून, दाबून बघून, परत ठेवला.

सोमवारी सकाळी साहेब ऑफिसला गेले. बाईंनी फोन तांदळातून काढला, पदराला पुसला, आणि फोन न लावताच रिक्षात बसल्या. छावणीच्या शांत, चुना मारलेल्या झाडांच्या रस्त्याने जाताना त्यांचं डोकं मात्र चौकातल्या गल्लीसारखं गजबजलेलं होतं. काय बोलायचं ते त्या पुन्हा पुन्हा ठरवत होत्या. फक्त एवढंच विचारायचं: झालं की नाही झालं. यात अडणं कसलं, आणि लाज कसली.

निगम मॅडम मेसच्या दाराशीच भेटल्या. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग ओळखलं.

"अरे, आप. आप तो पूछने ही नहीं आईं."

"आपने कहा था बताएँगे."

"हाँ, वो तो कहते ही हैं." मॅडम अगदी मोकळेपणी म्हणाल्या, काही लपवायचं नव्हतंच त्यांना. "हम तो आप ही को सोच रहे थे. पर जिसको काम चाहिए वो पूछता है ना. एक मिसेज सक्सेना रोज फोन करती थीं. हमने समझा आपको जरूरत नहीं है. पिछले सोमवार उन्होंने जॉइन कर लिया."

मागचा सोमवार. म्हणजे अकरावा दिवस. सहाव्या दिवशीची ती एक रिंग बाईंच्या कानात आत्ता वाजली.

त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नजर मॅडमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे नोटीस बोर्डावर टाइप केलेला आठवड्याचा मेन्यू होता. मंगळवारी कांदा-लसूण नाही. शनिवारी खिचडी, डाळ-तांदळाचं किलोवार प्रमाण त्यांनी लिहिलं होतं तेच. आणि बुधवार, नाश्ता: कांदा पोहा, ऊपर से ताजा नारियल. अख्ख्या लखनौत सकाळी कचोरी आणि जिलेबी सोडून पोह्यावर ओलं खोबरं कोण घालतं?

"ये मेरा लिखा हुआ है."

"हाँ तो," मॅडम म्हणाल्या, "लड़कियों को बहुत पसंद आया."

चारुलताबाईंनी टेबलावरचं हजेरीचं पेन उचललं, बोर्डापाशी गेल्या आणि बुधवारच्या ओळीवर आडवी रेघ मारली. एक मारली, मग नीट दिसावी म्हणून दुसरी. बाकी सहा दिवस तसेच ठेवले. मुलींचा काय दोष. पेन जागेवर ठेवलं. "डाल-चावल आप लोगों के हैं, रखिए. पोहा मेरे घर का है." आणि निघाल्या. कॉलनीत नंतर सांगितलं गेलं की त्यांनी बोर्ड फोडला. फोडला नाही. फोडावासा वाटला होता, हे मात्र खरं, कारण बाई हे स्वतःच सांगतात.

घरी येईपर्यंत त्यांच्या रागाने तीन वेळा माणूस बदलला. छावणी संपेपर्यंत तो निगम मॅडमवर होता. पुलावर तो स्वतःवर आला, त्या कापलेल्या फोनवर. कॉलनीच्या फाटकात रिक्षा शिरली तेव्हा समोर चार नंबर ब्लॉक होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात शिवबरनची आई पायरीवर बसली होती. खाली उतरायला नव्हे, नुसती वारा घ्यायला. तिथून पुढे तिला येता येत नाही. बाईंनी तिच्याकडे बघून हात केला. तिनेही केला. मग राग जिथे राहायला हवा होता तिथे येऊन बसला, आणि बसूनच राहिला.

संध्याकाळी सहाला नरहरराव आले. चहा समोर आला, कपात तो नेहमीपेक्षा जरा वरपर्यंत हिंदकळला. सृष्टीने सगळं आधीच सांगितलं होतं, आणि ती दाराआड उभी होती. साहेबांनी एक घोट घेतला, समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, "मी तरी सांगत होतो, जाऊ नकोस. विचारून काय मिळालं? उलट अपमान झाला. जाऊ दे. घरात काय कमी आहे तुला?"

चारुलताबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. ही खुर्ची त्या एरवी घेत नाहीत. कालच शिवबरन तिच्या टोकावर बसला होता. त्या मात्र पूर्ण टेकून बसल्या. आवाज चढला नव्हता, पण चेतनावहिनींना समोरच्या ब्लॉकमध्ये शब्दन् शब्द ऐकू आला, आणि या वेळी त्यांनी तो जसाच्या तसा सांगितला:

"उद्यापासून रोज साडेनऊला मी शिवबरनबरोबर तुमच्या ऑफिसात विचारायला येणार आहे. त्याच्या आईला खालचं घर मिळेपर्यंत रोज येणार. तुमच्या त्या फायलींच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली मलाही ठेवा, सव्वीस वर्षांची सवय आहे मला. पण मी विचारायची थांबणार नाही."