सुमनताईंच्या वहीतला रिकामा रकाना

कासा नाक्यावर जीपची वाट बघत होतो, तेव्हा फोन आला. "सुमनताई गेल्या रे, सकाळीच." सांगायला लाज वाटते, पण दुःखाच्या आधी मला हायसं वाटलं. आता त्यांना तोंड दाखवावं लागणार नव्हतं…

तलासरीच्या एका कार्यालयात आम्ही दोघं. त्या चिखल्याच्या, जुने दाखले संगणकात चढवायच्या. मी मसोलीचा, संगणक सांभाळणारा, स्वतःला फार शहाणा समजणारा. त्यांच्या पडद्यावर मधूनच यायचं, 'फाइल सापडत नाही'. मी उठून जाईपर्यंत तीच फाइल निमूट उघडायची. "अरे हेमंत, फाइल जागेवरच असते. हाक मारली की एखाद्या वेळी ओ देत नाही, एवढंच." मी हसायचो. मग त्यांनी एका वहीत रकाने आखले: वेळ, फाइलचं नाव, शेजारी काय चाललं होतं, चूक कोणाची. महिनाभर भरून माझ्याकडे दिलेली ती वही मी न उघडता खणात टाकली आणि साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही, बाईंचा हात चुकतो." दुसऱ्या दिवसापासून त्या आवक-जावकच्या टेबलावर. भांडल्या नाहीत. डबा खाताना चिकूची फोड मात्र पूर्वीसारखीच पुढे करायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि तोच संदेश माझ्या संगणकावर आला! तेव्हा कुठे वही उघडली. प्रत्येक ओळीत शेजारी एकच: 'स्कॅनिंग चालू'. म्हणजे त्याच वेळी त्याच फोल्डरमध्ये नव्या फाइली पडत होत्या. तेवढा धागा धरून मी छोटा प्रोग्राम लिहिला. एकीकडे फोल्डरमध्ये नव्या फाइली टाकत राहायच्या, दुसरीकडे तिथलीच जुनी फाइल पुन्हापुन्हा उघडायची. हजारात एखाद्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम समोर असलेली फाइल 'नाही' म्हणायची. खोट तिच्यातच होती. बनवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी मान्य करून दुरुस्ती पाठवली. कार्यालयात पेढे वाटले गेले, शाबासकी मला. वहीचं नाव मी काढलं नाही.

पुढे डहाणूच्या बाजारात ताई भेटल्या. "सापडली का रे ती अवदसा?" हो म्हटलं असतं, तर पुढचंही सगळं कबूल करावं लागलं असतं. "नाही हो ताई, शोधतोय अजून." जीभ कशी झडली नाही माझी! "सापडेल. वही जपून ठेव हं," त्या म्हणाल्या.

बाराव्याला गेलो, तर त्यांचे यजमान म्हणाले, "तिची वही तुमच्याकडे आहे ना? शेवटपर्यंत म्हणायची, माझा हात चुकला नव्हता." "आणून देतो," मी म्हणालो.

'चूक कोणाची' हा रकाना ताईंनी कोराच ठेवला होता. माझंही नाव नव्हतं त्यात. मागच्या आठवड्यात बसून मी प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, 'सुमनताईंची नाही'. आता वही त्यांच्या घरी पोचवायची आहे. मसोलीहून चिखले कितीसं लांब… पण वही अजून माझ्याच खणात आहे.