सानोबर आपाचा आकडा

अमूदर्या नदीच्या काठावरच्या त्या लहानशा विमानतळावर सानोबर आपा तीस वर्षं पारा वाचत होती, आणि तीस वर्षं गावाचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. भर उन्हाळ्यातल्या चिल्ल्याचे ते चाळीस जीवघेणे दिवस सुरू झाले की भाजीवालीसुद्धा डोळा मारून विचारायची, "काय आपा, आज किती सांगायचं ठरलंय? एकोणचाळीस?" चाळीसच्या वर गेलं की कामं बंद ठेवावी लागतील, म्हणून वरचे लोक आकडा दाबतात, अशी सगळ्यांची ठाम समजूत. खरंखोटं अल्ला जाणे!

"तुझ्या काकड्या वाकड्या आल्यात, त्याही वरूनच वाकवून आल्या का गं?" आपा फणकारायची आणि चालू लागायची.

पण संशय घेण्यात तीही काही कमी नव्हती. नवऱ्यानं खरबूज आणलं तरी आधी देठ हुंगून बघणार. आणि उड्डाणांचं काम बघायला नव्यानं आलेल्या जासुरवर तर तिची पहिल्या दिवसापासून बारीक नजर. येता-जाता 'आपाजान, आपाजान' करायचा, आणि विमानात दोन जागा रिकाम्या राहिल्या तर त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. असला गोडबोल्या माणूस धुतल्या तांदळासारखा असतो होय?

तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचलून धरायला ती पुरत नाही, इंजिनाचं बळ घटतं आणि धावपट्टी तोकडी पडते. म्हणून आपा जो आकडा सांगेल त्यावर माणसं बसायची. त्या छोट्या विमानात बेचाळीसला एकोणीस, पंचेचाळीसला फक्त चौदा. धावपट्टी संपली की पुढे कालव्याचा उंच बांध होता, आणि तो काही कुणासाठी बाजूला होणार नव्हता.

त्या दुपारी तीन वाजता आपानं तापमापक ठेवलेल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडलं. बेचाळीस. तिनं आकडा फोनवरून कळवला खरा, पण मनाला पटेना. कडीनं बोटाला चटका बसला होता, बुटांना डांबर चिकटत होतं, आणि पारा म्हणे बेचाळीस! गेले दहा दिवस तो असाच शहाण्या मुलासारखा वागत होता. तिनं खाली वाकून पाहिलं. पेटीखालची माती ओली होती.

"अस्सं! हे उद्योग चाललेत तर!"

ओल्या मातीवर हवा गार होते, हे माठातलं पाणी पिणाऱ्याला कुणी शिकवायला नको. दुसरं तापमापक घेऊन ती तरातरा पलीकडच्या कोरड्या रानात गेली आणि छत्रीच्या सावलीत ते धरून बसली. पंचेचाळीस.

ती धावतच जासुरच्या खोलीत शिरली. "किती बसवलेस?"

"एकोणीस. तुमच्याच आकड्यावर, आपाजान."

"माझ्या आकड्यावर की तुझ्या पाण्यावर? वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस! पेटीखाली पाणी कुणी ओतलं? खरे पंचेचाळीस आहेत, मेल्या!"

जासुरचा चेहरा पांढराफटक पडला. "आपा... माझी बायको बसलीय त्यात. सातवा महिना चालू आहे तिला."

त्यानं झडप घालून रेडिओ उचलला. धावपट्टीच्या टोकाशी वळलेलं विमान थांबलं आणि परत आलं. पाच जणांना उतरवलं, त्यांत त्याची बायकोही होती. बाकीचे चौघे आपाच्या अंगावर धावून आले. "आमच्या जागा कुणाला विकल्यास? किती खाल्लेस?" चौदा माणसं घेऊन विमान धावलं, धावतच राहिलं, आणि बांधावरून जेमतेम पलीकडे गेलं. बघता बघता चौघांची तोंडं बंद झाली. जासुर बायकोकडे धावला.

म्हणजे हा नव्हे. मग कोण?

नळाशी एशमुरोद बोबो झारी भरत होते. विमानतळावरचे गुलाब सांभाळणारे म्हातारे माळीबुवा, सगळ्यांचेच बोबो, म्हणजे आजोबा.

"बोबो, पेटीखाली पाणी तुम्ही घालता?"

"कळलं का तुला!" म्हातारा खुलला. "दर तीन तासांनी तिथं उभी राहतेस, एक पाय वर, एक पाय खाली. जमीन कशी भाजते ते मला नाही का ठाऊक? घरी सुनेसाठी अंगणात सडा घालतो, म्हटलं इथं तुझ्यासाठी. आधी सांगितलं असतं तर नकोच म्हणाली असतीस. तुला कुणाचं काही घ्यायचंच नसतं, पोरी."

आपा भांडायच्या तयारीनं आली होती. दहा दिवस रोज एक विमान जादा माणसं घेऊन त्या बांधावरून गेलं होतं. आणि तरीही या म्हाताऱ्यावर चिडताच येईना, याचाच तिला भयंकर राग आला.

"पुन्हा घालू नका, बोबो. माझी शपथ आहे. आणि याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही."

मग तिनं नोंदवहीत लिहिलं की दहा दिवसांचे आकडे विश्वासाचे नाहीत, पेटीखालची जमीन ओली होती. ओली कुणी केली, तिथं स्वतःचं नाव घातलं. त्या वहीतलं तिचं हे पहिलंच खोटं.

आठवड्यानं चौकशीला राजधानीतून साहेब आला. चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, "पाणी कशासाठी घातलंत? कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही. पाय भाजत होते," आपा म्हणाली.

साहेबानं ते लिहून घेतलं, आणि त्याचा एकाही अक्षरावर विश्वास बसला नाही.