कंप्युटर चालवणारी अक्का

नव्वदीच्या दशकात धुळ्यात कंप्युटरला देवाचा मान होता. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत हळूच शिरायचं, आणि जो त्याच्यासमोर बसला तो हुशार, यावर सगळ्यांचं एकमत. त्या एकमतानं माझ्या थोरल्या बहिणीचं वाटोळं केलं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

अक्का स्कूटरवरून पडली आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, केस पुन्हा आले, दिसायला ती होती तशीच. पण गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसायची, आणि दूध ठेवलंय हे तिच्या गावीही नसायचं. सासरी धरणगावला तिनं हात भाजून घेतला, तेव्हा आमचे वडील, आबा, तिला माहेरी घेऊन आले.

इथल्या एका दवाखान्यातल्या बाई तिला कंप्युटरवर बसवायच्या. पडद्यावर चित्रं दिसायची, मग झाकली जायची. कुठे काय होतं ते आठवून बटण दाबायचं. बघणाऱ्याला पोरखेळ वाटावा, पण अक्का घामाघूम व्हायची. हळूहळू जोड्या जुळायला लागल्या. घरी ती गॅस बंद करायला आपणहून उठू लागली, रोज नाही, पण उठू लागली. मी तेवढ्यावर खूश होते.

ही बातमी धरणगावला पोचली. अक्काच्या सासूबाई आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "कंप्युटर चालवस ती. मंग भाकरी कराले काय व्हस तिले? बठ्ठं नाटक शे." सगळं नाटक आहे, तिला घरी पाठवा, कामं खोळंबलीत, म्हणाल्या. मी समजावून थकले. जन्मात कंप्युटर न पाहिलेल्या बाईला त्यातलं सगळं कळत होतं.

पण सासूबाईंचं सोडा. मला खरा राग आबांचा येतो. त्यांनी तिचं दवाखान्यात जाणंच बंद केलं. सून खरोखर आजारी आहे हे सासरच्यांना पटावं, म्हणून तिनं बरं व्हायचं थांबायचं!

सासूबाई पुन्हा आल्या, तेव्हा नेमकी दवाखान्याची वेळ होती आणि अक्का चपला घालून दारात उभी होती. आबांना आयतंच सापडलं. बघा, म्हणाले, बंद केलंय तेही हिच्या लक्षात नाही.

अक्का वळली. "माले ध्यानमा शे, आबा. तरीबी माले जानं शे."

तिच्या ध्यानात राहतं, एवढं सासूबाईंना पुरलं. त्यांनी मला अक्काची पिशवी भरायला सांगितलं. धरणगावची बस चुकायला नको होती.